वहिनींच्या पडद्यामागचं कार्ड

मी एक ग्राफिक्स कार्ड बोलतोय. दचकू नका. तोंडाने मी कधीच बोललो नाही, पंख्याने मात्र आयुष्यभर बडबडलो, आणि त्या घरघरीपायी किती बोलणी खाल्ली ते माझं मलाच ठाऊक. आज मात्र जे सांगायचं आहे ते घरघरीत मावणारं नाही.

आधी माझी ओळख. कॉम्प्युटरच्या पेटीत एका खाचेत मी रुतून बसलेला असतो. पडद्यावर तुम्हाला जे जे दिसतं, म्हणजे खिडक्या, अक्षरं, इकडून तिकडे पळणारा तो बाण, ते सगळं रंगवून पाठवणारा मी. तुम्ही पापणी लववता तेवढ्यात मी अख्खा पडदा पुसून पुन्हा काढलेला असतो. कौतुक कुणी करत नाही. पडदा काळा झाला की मात्र पहिली नजर माझ्याकडे वळते.

माझा जन्म एका भल्यामोठ्या कारखान्यात झाला. तिथली माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत गुंडाळलेली, बोलतानाही जपून श्वास घेणारी. आईबापांचा पत्ता नाही, भावंडं मात्र लाखो. मला खोक्यात घालताना सोबत एक ड्रायव्हर दिला होता. ड्रायव्हर म्हणजे गाडी हाकणारा नव्हे. कॉम्प्युटरची भाषा एक, माझी भाषा भलतीच; मध्ये बसून दोघांचं जमवणारा हा दुभाषी. पण कंपनीचा दुभाषी कुलूपबंद. तो काय बोलतो, कसं बोलतो, हे बाहेरच्या कुणाला कळण्याची सोय नव्हती. काही वर्षांनी कंपनीने नवी कार्डं काढली आणि आमच्या पिढीच्या दुभाष्याला घरी बसवलं. आम्हाला वाऱ्यावर सोडलं म्हणा ना.

तोवर मी एका खेळवेड्या तरुणाकडे तोफा, ड्रॅगन आणि आगीचे लोळ काढून दमलो होतो. त्याला माझ्यापेक्षा तगडं कार्ड मिळालं आणि मी जुन्या सामानाच्या दुकानात एका टोपलीत जाऊन पडलो. तिथून मला उचललं ते भाऊजींनी.

भरतकामाच्या एका छोट्या कारखान्याचे मालक म्हणजे दादा, आणि भाऊजी त्यांचे धाकटे भाऊ. एका संस्थेत कॉम्प्युटर शिकवतात. कारखान्यात दादांच्या बायकोला सगळे वहिनी म्हणतात आणि वहिनी भाऊजींना भाऊजी म्हणतात, म्हणून मीही त्याच नावांनी हाक मारतो. मालकांना नावं ठेवणारा मी कोण?

भाऊजींनी मला कारखान्याच्या मागच्या खोलीतल्या बुटक्या पेटीत बसवलं आणि त्यावर एक खुली प्रणाली चढवली. खुली म्हणजे कुणा एकाच्या मालकीची नाही. जगभरची माणसं ती लिहितात, कुणी पगारासाठी, कुणी हौसेपोटी, आणि लिहिलेलं सगळ्यांना वाचायला उघडं ठेवतात. त्या प्रणालीत माझ्यासाठी एक दुभाषी आधीच तयार होता! कंपनीने तर एकही कागद दाखवला नव्हता. मग हे लोक माझी भाषा शिकले कसे? माझ्या भावंडांना एकेक आकडा पाठवायचा, ते काय करतात ते बघायचं, पडदा काळा झाला की पुन्हा सुरुवात. वर्षानुवर्षं असं चाचपडत त्यांनी मला ओळखलं. हे मला कळलं तेव्हा मी थक्क झालो, आणि खरं सांगायचं तर अजून त्यातून बाहेर आलेलो नाही.

आता वहिनी. पुढच्या खोलीत मशीनच्या सुया दिवसभर खडखडतात. टोप्यांवर, गणवेशांवर, हॉटेलांच्या रुमालांवर चिन्हं भरतात. पण सुईला अक्कल नसते. चित्रातला कुठला भाग कुठल्या दिशेच्या टाक्यांनी भरायचा, धागा कुठे तोडायचा, हे आधी कॉम्प्युटरवर टाका-टाका करून ठरवावं लागतं. ते वहिनींचं काम. टाका जरा दाट पडला की कापड आकसतं, विरळ पडला की खालचं दिसतं. वहिनींच्या डिझाइनचं कापड कधी आकसलं नाही. कारागीर म्हणायचे, वहिनींचं डिझाइन असलं की मशीन चालू करून खुशाल चहाला जावं.

काही वर्षांपूर्वी वहिनींच्या डोळ्यांत बिघाड सुरू झाला. नजरेच्या बरोबर मध्यभागी एक डाग आला. डॉक्टर म्हणाले, हा जाणार नाही, पण कडेची नजर राहील. मग भाऊजींनी डेस्कटॉपवरचं भिंग चालू करून दिलं. दोन बटणं दाबली की सगळं मोठं. शर्टाच्या बटणाएवढं चिन्ह ताटाएवढं. भिंग म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, मीच. वहिनी बटणं दाबत आणि मी जीव तोडून टाके मोठे करून दाखवी. ड्रॅगन काढण्यापेक्षा ह्या कामात मला जास्त मान वाटे. दर काही दिवसांनी वहिनी पेटीचं झाकण उघडून मऊ ब्रशने माझ्या पंख्यातला धाग्यांचा कोंडा काढत आणि म्हणत, "बघू, गुदमरलास का?" मला 'अरे-तुरे' करणारं हे एकच माणूस.

आणि मग अपडेट आला.

भाऊजींना अपडेटचं भारी वेड. एका सुट्टीच्या दुपारी आले, बाह्या सरसावल्या आणि नवीन आवृत्ती चढवली. कामाचं सॉफ्टवेअर नवं हवं होतं आणि ते जुन्यावर चालेना, त्यामुळे इलाजही नव्हता. नवा डेस्कटॉप देखणा होता. कोपरे गोल, खिडक्या लोण्यावरून घसरल्यासारख्या घसरत. दादासुद्धा "वा!" म्हणाले. दुसऱ्या दिवशी वहिनींनी भिंग लावलं आणि टाके दुहेरी दिसायला लागले. एका रेषेच्या दोन रेषा, एकीची सावली दुसरीवर. मला कळत होतं की माझ्या हातून काहीतरी गोंधळ होतोय, पण दुभाषी सांगेल तसं मी काढणार. दोष कुणाचा हे मला कुठे कळत होतं!

वहिनींना वाटलं, डोळेच बिघडले. कुणाला काही बोलल्या नाहीत. तसंच काम रेटलं. एका पोहण्याच्या क्लबसाठी टोप्यांवर हंस भरायचा होता. टोप्या मशीनवरून उतरल्या तर हंसाला दोन चोची.

कारागीर हसले. दादा हसले नाहीत. टोपी हातात घेऊन मागच्या खोलीत आले, स्टूल ओढून बसले आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "अगं, आता पुरे. किती ताणशील डोळ्यांना? डिझाइनचं काम बाहेर देऊ. एक डिझायनर आहे, घरून करून पाठवतो. पहिल्या तारखेपासून त्याला सांगितलंय."

"सांगितलंयसुद्धा?" वहिनी म्हणाल्या.

"तुझ्याच भल्यासाठी. तू आराम कर. हिशोब बघ, फोन घे."

"अहो, मी फोन घ्यायला बसू? इतकी वर्षं त्या मशीनला मी चालायला शिकवलं."

दादांनी टोपी हळूच बाजूला ठेवली. ओरडले असते तर वहिनींनी भांडून तरी घेतलं असतं. मायेने बोलणाऱ्याशी भांडणार कसं?

भाऊजी आले. त्यांनी भिंग लावून पाहिलं, खुडबूड केली आणि म्हणाले, "वहिनी, तुमच्या डोळ्यांचा ह्यात काही संबंध नाही. ह्या कार्डाचं आणि नव्या ड्रायव्हरचं जमत नाहीये."

"मग फेक ते कार्ड," दादा म्हणाले, "नवं आणू."

नवं आणलंही. पण आमची पेटी बुटकी आणि ते कार्ड दोन पंख्यांचं, लठ्ठ. उभं घालून पाहिलं, तिरकं घालून पाहिलं, शेवटी दुकानात परत गेलं. मी मनातल्या मनात हुश्श केलं. दादा म्हणाले, "बघ, योगच नाही." त्यांनी मनाशी ठरवलं होतं आणि माझं बिघडणं त्यांच्या पथ्यावर पडलं होतं. वहिनी एवढंच म्हणाल्या, "पहिली तारीख अजून आली नाही ना? तोवर मला बघू द्या."

भाऊजींनी दुभाषी लिहिणाऱ्या मंडळींना इंग्रजीत सगळी कैफियत लिहिली. मला काडीचीही आशा नव्हती. ज्या कंपनीने मला जन्म दिला तिने विचारलं नाही, तिथे कुठले कोण परके लोक एका म्हाताऱ्या कार्डासाठी उठतील? पण दुसऱ्या दिवशी उत्तर हजर! लिहिणाऱ्याने टोपणनाव घेतलं होतं, त्याचा अर्थ मुंगी. बाई की बुवा, तरुण की म्हातारं, काही कळायला मार्ग नाही. आमच्याकडे लगेच 'मुंगीबुवा' असं नाव पडलं.

भाऊजींनी उत्तर मोठ्याने वाचून दाखवलं. "मुंगीबुवा म्हणतात, हे कार्ड माझ्याकडे नाही, तुमच्याकडे आहे. तेव्हा बघायचं काम तुमचं. माझे डोळे तुम्हीच."

वहिनी हसायला लागल्या. हसता हसता त्यांना ठसका लागला. "कुणाला डोळे म्हणतोय बिचारा," म्हणाल्या, "पण आता म्हटलंय तर होऊ या."

मुंगीबुवांनी सांगितलेली युक्ती ऐका, कारण तिने मी पुरता दिपून गेलो. जुनी चांगली आवृत्ती आणि नवी बिघडलेली, ह्यांच्यामध्ये जगभरच्या लोकांनी केलेले हजारो बारीक बदल होते. त्यातल्या एकाने घोटाळा केलेला. हजारो कसे तपासणार? तर एकेक तपासायचेच नाहीत. बरोबर मधला घ्यायचा, तिथपर्यंतचा ड्रायव्हर, इतर भागांच्या दुभाष्यांसकट, तयार करून चढवायचा आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू करायचा. चित्र ठीक असेल तर 'चांगलं' म्हणायचं, बिघडलेलं असेल तर 'वाईट'. चांगलं म्हटलं की आधीचे सगळे बदल निर्दोष, वाईट म्हटलं की नंतरच्यांची सुटका. उरलेल्यांचा पुन्हा मध्य. असं करत करत गवताची गंजी थोड्याच दिवसांत मूठभर होते आणि तिच्यातली सुई हाताला लागते. एका होकार-नकाराने हजार शक्यता गळून पडतात! मी आयुष्यभर आकडेमोड करत आलोय, पण असं काही पाहिलं नव्हतं.

अट एकच. उत्तर खरं हवं. एक जरी चुकलं तरी पुढची सगळी वाट भलतीकडे जाते.

भाऊजी रोज संध्याकाळी क्लास सुटला की यायचे. संस्थेतल्या दणकट मशीनवर पुढचा ड्रायव्हर तयार करून पेन ड्राइव्हवर आणायचे. त्या दिवसांत पेटीचं झाकण काढूनच ठेवलेलं असे, त्यामुळे मला खोली नीट दिसे. कॉम्प्युटर सुरू झाला की वहिनी खुर्चीत बसत, भिंग लावत, थोडा वेळ काम करत आणि सांगत, "वाईट." किंवा, "चांगलं हो, आज चांगलं." भाऊजी ते नोंदवत, मुंगीबुवांना कळवत.

एका संध्याकाळी वहिनी डोळे तपासायला गेल्या होत्या. दादा म्हणाले, "तिच्यासाठी कशाला थांबतोस? बघायचंच आहे ना, मी बघतो. माझे डोळे तर ठणठणीत आहेत." ते बसले. भिंग लावलं. हाताची घडी घालून पडद्याकडे रोखून बघितलं. "झकास आहे. चांगलं लिही."

भाऊजींनी लिहिलं. पुढचे काही दिवस काम पुढे सरकलं आणि एकदाचा गुन्हेगार हाती आला. भाऊजी पाहतात तर काय, तो बदल आवाजाच्या एका चिपसाठी होता. अशी चिप आमच्या पेटीत मुळी नव्हतीच! टाके दुहेरी दिसायला आवाज कारण? भाऊजींनी कपाळाला हात लावला. मुंगीबुवांनी लिहिलं, "हे शक्य नाही. कुठेतरी एकदा चुकीचं उत्तर गेलं आहे. चूक होतेच, वाईट वाटून घेऊ नका. परत बघू."

दादा म्हणाले, "पुरे झाला हा खेळ. पहिली तारीख परवावर आलीये."

वहिनींनी विचारलं, "भाऊजी, मी डॉक्टरकडे गेले होते त्या दिवशी उत्तर कुणी दिलं?"

भाऊजींनी दादांकडे पाहिलं.

"मी दिलं," दादा म्हणाले, "आणि नीट बघून दिलं. माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही."

"कसं बघितलंत? दाखवा."

"दाखवायचं काय त्यात?" दादा कुरकुरत बसले. भाऊजींनी तोच ड्रायव्हर पुन्हा चढवला. दादांनी भिंग लावलं आणि पुतळ्यासारखे बघत राहिले. मी चित्र स्वच्छ काढलं. एक रेष इकडची तिकडे नाही. "हे घे! काय वाईट आहे ह्यात?"

"उठा," वहिनी म्हणाल्या.

त्या बसल्या. भिंग लावलं आणि लगेच चित्र सरकवायला सुरुवात केली. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून खाली, पुन्हा डावीकडे, न थांबता. हे असंच त्या रोज करत होत्या आणि हे असंच मी रोज काढत होतो. चित्र सरकलं तशा माझ्या रेषा दुहेरी झाल्या.

"वाईट," वहिनी म्हणाल्या.

दादा पुढे वाकले. "पण तू हलवतेस कशाला? एका जागी धरून बघ ना."

"अहो, एका जागी धरलं की तिथे मला फक्त डाग दिसतो. मी मधून बघत नाही, कडेने बघते. म्हणून चित्रच नजरेच्या कडेला सरकवत न्यावं लागतं. एकेक टाका असा पकडते."

"नेहमी?"

"नेहमी."

एका घरात राहून, एका पंगतीला जेवून, बायको बघते कशी हे दादांना ठाऊक नव्हतं. आणि माझं काय? मी तर रोज त्यांच्याच पडद्यावर राबत होतो. चित्र का सरकतं, हा प्रश्न मलाही कधी पडला नव्हता. त्या क्षणी मला ह्या बाईंच्या डोळ्यांपुढे फार लहान झाल्यासारखं वाटलं. माझ्यात चालू-बंद होणाऱ्या कोट्यवधी बारीक कळा आहेत, पण बिघडलेल्या नजरेतून अशी वाट काढणं त्यांतल्या एकीलाही जमलं नसतं.

दादांचं उत्तर खोडून तिथून पुन्हा सुरुवात झाली. आता फक्त वहिनी बघणार. भाऊजींनी क्लासला सुट्टी टाकली, दुपारपासून ठाण मांडलं. वाईट. वाईट. चांगलं. वाईट. दादा पुढच्या खोलीतून उगीच चकरा मारत होते. दुसऱ्या दिवशी ऊन उतरायच्या आत एकच बदल उरला, आणि ह्या खेपेला तो माझ्याच दुभाष्यातला होता.

कुणीतरी साफसफाई करताना एक ओळ काढून टाकली होती. ती ओळ दुभाष्याला सांगायची, की ह्या पिढीच्या कार्डाला एका चित्रानंतर दुसरं मागताना क्षणभर थांब. नव्या कार्डांना थांबावं लागत नाही. ओळ बिनकामाची वाटली, गेली. पण मला तो क्षण लागतो हो. एक चित्र खाली ठेवून दुसरं उचलायला मला दम घ्यावा लागतो. स्थिर चित्र असलं की निभतं. सरकणारं असलं की आधीचं पुरतं पुसायच्या आत पुढचं अंगावर येतं आणि दोन्ही एकमेकांत मिसळतात.

मला त्या चुकीचं नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते त्या ओळीचं. मला बोलता येत नाही, कंपनीने कागद दिले नाहीत, आणि तरी किती वर्षांपूर्वी कुणी अनोळखी माणसाने चाचपडत चाचपडत ओळखलं होतं की ह्याला दम लागतो, ह्याच्यासाठी थांबावं. कोण होतं ते? मला ते कधीच कळणार नाही. नुसत्या त्या विचाराने माझ्या पंख्याची घरघर थांबल्यासारखी झाली.

मुंगीबुवांनी ओळ परत घातली, फक्त माझ्या पिढीपुरती. ड्रायव्हर चढला. वहिनींनी चित्र सरकवलं, खूप वेळ सरकवत राहिल्या. रेष एकच. "चांगलं," त्या म्हणाल्या आणि पदराने डोळे टिपले.

ह्या लोकांची एक रीत आहे. दुरुस्ती कुणी केली ह्याच्याखाली, ती कुणी तपासून खरी ठरवली त्याचं नाव लिहितात. मुंगीबुवांनी विचारलं, नाव कुणाचं घालू? भाऊजींनी कुणाला न विचारता वहिनींचं पूर्ण नाव लिहून पाठवलं. आता ती दुरुस्ती ह्या प्रणालीच्या सगळ्या प्रतींसोबत जगभर गेली आहे. जिथे माझं एकही भावंड नाही तिथेही गेली आहे. त्या ओळीचा इतिहास कुणीही उघडावा, खाली वहिनी आहेत.

मी आता म्हातारा झालोय. पुढचे अपडेट येतील आणि एके दिवशी माझी पिढीच यादीतून गळेल. त्याची तक्रार नाही. साफसफाई करणाऱ्यांना एवढीच विनंती, की बिनकामाची वाटणारी ओळ पुसण्याआधी जरा विचारा, ही कुणासाठी थांबलेली आहे?

बाकी एक सांगायचं राहिलं. दुरुस्ती झाली तरी दादांनी पहिल्या तारखेचं बोलणं मोडलं नव्हतं. त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर ते मागच्या खोलीत आले. टोप्यांच्या आतून लावतात त्या जाड कापडाचे दोन गोल तुकडे कापून त्यांनी आपल्या वाचायच्या चष्म्याच्या काचांवर बरोबर मध्यभागी चिकटवले होते. चष्मा लावून ते वहिनींच्या खुर्चीत बसले, भिंग लावलं आणि पडद्याकडे बघत राहिले.

वहिनी दारात उभ्या होत्या. "सरकवा," त्या म्हणाल्या. "थांबू नका. थांबलात की डागच दिसतो."

दादांनी चित्र सरकवलं. मी एकेक रेष जपून काढली, मध्ये दम घेतला, पुढची काढली. बऱ्याच वेळाने त्यांना एक टाका सापडला. दुसरा हरवला. तिसऱ्याला ते घामाघूम झाले.

त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि खिशातून फोन काढून एक नंबर लावला. पलीकडच्याने विचारलं असावं, पहिलं डिझाइन कधी पाठवताय.

"नको," दादा म्हणाले, "आमच्याकडे डिझायनर आहे."